सातनं भागायचं राहिलं होतं

मी, खाली सही करणारी, तिकिटं आणि पावतीपुस्तकं छापणाऱ्या प्रेसची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, तीन भावंडांत थोरली, अविवाहित, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी थांबलेच नाही, तेव्हा तेच म्हणाले, "बास आजी, एवढ्या खाली कुणी जात नाही." तोवर दोन उरले होते. सातचं आणि माझं जुनं वाकडं आहे. ते पुढे येईल.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते अर्धवट खरं होतं, म्हणून फाडून टाकलं. हे शेवटचं समजावं.

कलम १. घर. खालच्या मजल्यावर पुढे प्रेस आणि मागे गोदाम आहे, वरती दोन खोल्या आहेत. वरच्या दोन खोल्या माझ्या मधल्या भावाच्या नावे करते. तो आणि वहिनी तिथे चौतीस वर्षं राहतात आणि चौतीस वर्षं नळ गळतो म्हणून मला ऐकवतात. आता नळ त्यांचा. एकच अट: सोळा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलेली आठ पायऱ्यांची शिडी त्याने गोदामात परत आणून ठेवावी. शिडी त्याच्या पलंगाखाली आहे हे मला ठाऊक आहे. मी काही बोलले नाही, याचा अर्थ मला दिसत नाही असा होत नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझं दवाखान्याचं भागवावं. उरेल त्यातून कटिंग मशीनला नवं पातं घ्यावं, जुनं कागद कापत नाही, चावतं. त्यातूनही उरलं तर कामगारांना वाटून द्यावं.

आमच्या बाइंडरला मी सरसाचं पितळी भांडं ठेवणार होते. पन्नास वर्षं तो त्या भांड्यावर डोळा ठेवून आहे. पण वकील म्हणाले, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मला साक्षीला बाइंडर हवाच होता, कारण माझ्या सगळ्या चुका त्याने बघितल्या आहेत. म्हणून भांडं मी त्याला परवा हातात दिलं. जिवंतपणी दिलेल्या भांड्याला कायदा आडवा येत नाही. त्याने ते उलटं करून बुडाशी टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, भोक आहे याला." भोक वीस वर्षांपासून आहे, हेही इथे नोंदवून ठेवते.

कलम ३. नंबरिंग मशीन. तिकिटावर क्रमांक उठवायचं हे मशीन. दुसऱ्या प्रेसमध्ये त्याला सहा चाकं असतात. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मुद्दाम दहा चाकांचं बनवून घेतलं. प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ आकडे उलटे कोरलेले आहेत, कागदावर सुलटे उठतात. दहा आकडी क्रमांकाची गरज आजवर एकाही गिऱ्हाइकाला पडली नाही. ती अण्णांना होती, एका कोड्यासाठी. कोडं त्यांनी कुठल्याशा कागदाच्या व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं.

कोडं असं. शून्य ते नऊ हे दहाही आकडे एकेकदाच वापरून एक संख्या करायची. तिचा पहिला आकडा एकनं भागला जावा, पहिले दोन मिळून होणारी संख्या दोननं, पहिले तीन मिळून तीननं, असं करत करत अख्खी संख्या दहानं. कुठेही काही उरता कामा नये.

तेव्हा प्रेसमधली माणसं धरून आम्ही दहा जण पुढच्या खोलीतल्या लांब दगडी टेबलाशी एकत्र जेवत असू. सकाळी त्याच टेबलावर छपाईचे खिळे जुळायचे, दुपारी ते पुसून ताटं मांडली जायची. धाकट्या भावाची जागा दाराजवळ, अगदी शेवटची. अण्णा म्हणायचे, "एकटा बसला तरी त्याला पुरलं पाहिजे. दुसरा आला की दोघांना सारखं. दहावा आला तरी कुणाच्या ताटात कमी नको आणि भांड्यात शिल्लक नको. अशी संख्या शोधा." आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "ज्याला सापडेल त्याच्या हातात हे मशीन आणि प्रेसच्या किल्ल्या."

मधल्याने त्याच दिवशी हात टेकले. शर्यत राहिली माझ्यात आणि धाकट्यात. मी सव्वीस वर्षांची, तो एकोणीसचा. आठ महिने आम्ही रद्दी कागदाच्या पाठी काळ्या केल्या. तो मशीनजवळून गेला की मी कागद पालथा घालायचे, आणि मी गेले की तो.

कलम ४. हे कलम मिळकतीचं नाही. वकील म्हणाले, याची गरज नाही. मी म्हटलं, गरज असलेलं हे एकच आहे. ते मधल्या भावासमोर मोठ्याने वाचावं, कारण त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता.

डोकं लावून चाळत गेलं की अशा फक्त दहा संख्या हातात राहतात, ज्या बाकी सगळ्या कसोट्यांना उतरतात. मग उरतो सात. दोन, तीन, चार, पाच, सगळ्यांना काही ना काही युक्ती आहे. आमच्याकडे सातला युक्ती नव्हती, बसून भागाकार करावा लागायचा. आणि आमच्या धंद्याला एक खोड आहे. तिकिटांची गड्डी तपासताना आम्ही वरचं बघतो, खालचं बघतो आणि मधलं एक बघतो. तिन्ही जुळली की गड्डी पास. सगळी तिकिटं कोण बघत बसणार?

मी माझी संख्या तशीच तपासली. १८९६५४७२३०. एका रविवारी दुपारी, धाकटा ओठांत सातचा पाढा पुटपुटताना दिसला आणि मला वाटलं, हा गाठतोय. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "सापडली."

अण्णांनीही धंद्याप्रमाणेच तपासली. दहानं, पाचनं, दोननं. "पास," म्हणाले. आमच्या आत्याने, म्हणजे अण्णांच्या बहिणीने, माझ्या पाठीवर थाप मारली.

"ताई, सातनं भागलंस?" धाकट्याने विचारलं.

"भागलं."

"दोन उरतात."

"तू शून्य आहेस रे, नुसता शून्य! मोठ्यांच्यात बोलायला लागलाय. बस खाली."

सगळे हसले. मधल्याला तर पाण्याचा ठसका लागला. अण्णांनी किल्ल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि त्या मी उचलल्या.

मी सातनं भागलं नव्हतं. त्याच दुपारी गोदामात जाऊन, कागदाच्या दोन रिमांच्या मध्ये उभी राहून भागाकार केला. दोन उरले. पुन्हा केला, पुन्हा दोन. किल्ल्या ओच्यात होत्या. मी तो कागद चार घड्या करून शाईच्या डब्याखाली सारला आणि बाहेर आले. अण्णांना मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढची तीन वर्षं घरात आणि प्रेसमध्ये धाकट्याला सगळे "शून्या" म्हणत. "शून्या, शाई आण." "शून्या, दार लाव." मीसुद्धा म्हणत असे, म्हणजे सुरुवात माझीच. बाविसाव्या वर्षी तो एक पिशवी घेऊन निघून गेला आणि वजनकाटे दुरुस्त करायचं काम शिकला. गावोगावच्या दुकानांत जाऊन काटा खरा आहे की खोटा, ते तो बघतो. कुणी त्याला विचारलं की हेच काम का, तर तो काय सांगतो ते मला माहीत नाही. मला अंदाज आहे.

तो गेल्यावर वर्षभराने एक पोस्टकार्ड आलं. ना मायना, ना खुशाली, ना सही. नुसते दहा आकडे: ३८१६५४७२९०.

मी ते कार्ड घेऊन टेबलाशी बसले आणि या वेळी एकही भागाकार सोडला नाही. एक जण आला तर ३. दोघं आली तर ३८, प्रत्येकी १९. तिघं आली तर ३८१, प्रत्येकी १२७. चौघांना ३८१६, प्रत्येकी ९५४. पाचांना, सहांना, सगळ्यांना पुरलं. सात जण आले की ३८१६५४७, त्याला सातनं भागून ५४५२२१ येतात. (आधी ५४५२१२ लिहिलं होतं. तांबड्या पेन्सिलीने दुरुस्ती झाली आहे. दुरुस्तीवर माझी आद्याक्षरं आहेत. ती कुणी केली ते कलम दहामध्ये पाहावं.) काही उरत नाही. आठांना आणि नवांनाही पुरतं. बाकीच्या नऊही संख्या मी नंतर सातनं भागून पाहिल्या, एकही टिकली नाही. ही अशी एकच आहे, दुसरी नाही.

ते आकडे त्या दिवशी मी मशीनच्या दहा चाकांवर लावले. गेली एक्केचाळीस वर्षं रोजचं काम संपलं की चाकं पुन्हा त्या संख्येवर आणून ठेवते आणि मगच दिवा मालवते. कामगारांना वाटतं, ही म्हातारीची काहीतरी सवय आहे.

आणखी एक. हे कोडं नीट सोडवायला बसलं तर सुरुवात कुठून करावी लागते, ते मला फार उशिरा कळलं. पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली की माणूस भरकटतो. दहानं भाग जायचा तर शेवटी शून्यच लागतो, दुसरं कुणी तिथे बसूच शकत नाही. म्हणजे सगळ्यांत आधी जागा ठरते ती शून्याची. मग पाचाची ठरते, आणि बाकीचे आठ मागाहून आपसांत भांडत बसतात. ज्याला मी खाली बस म्हणाले होते, त्याला बसवल्याशिवाय कुणाचीच जागा ठरत नव्हती. आठ महिने कोडं डोळ्यांसमोर होतं आणि मला हे दिसलं नाही.

कलम ५. यास्तव पुढची खोली, प्रेस, तिथली सर्व यंत्रं, खिळे, गोदामातला कागद आणि दहा चाकांचं नंबरिंग मशीन मी माझ्या धाकट्या भावाला परत करते. "देते" असं लिहीत नाही, कारण ते माझं नव्हतं. (हे कलम बदललं आहे. कलम दहा पाहावं.)

मला खरं तर एवढंच हवं होतं, की कलम चार ऐकायला तो माझ्यासमोर असावा आणि मी तेव्हा जिवंत असावं. पण असं काही मृत्युपत्रात लिहून मिळवता येत नाही, असं वकील म्हणाले. अण्णा गेले तेव्हा तो आला होता. उभ्या उभ्या आला, चहाही न घेता गेला. त्याच्या पिशवीचा बंद तुटलेला होता, तो मला शिवून द्यायचा होता. तेही राहिलं.

कलम ६. दगडी टेबल कुणीही विकू नये. ते दारातून बाहेर निघतही नाही, भिंती नंतर बांधल्या आहेत. मधल्याने मोजमाप घेऊन ठेवलं आहे ते त्याने फाडावं.

कलम ७. जुनी येणी. सिनेमाघराच्या त्या मॅनेजरने, क्रमांक एकाऐवजी दोनपासून सुरू झाला म्हणून माझ्या चाळीस गड्ड्या परत पाठवल्या आणि वर म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की असंच." त्याला मी माफ केलेलं नाही. चूक माझी होती, तरीही केलेलं नाही. यंत्र विकायला येऊन "घरात पुरुषमाणूस कुणी आहे का" विचारणाऱ्या सर्व एजंटांनाही हे लागू आहे.

कलम ८. माझी भाची, म्हणजे धाकट्याची मुलगी, वय एकोणतीस. तीन वर्षांपूर्वी ती बापासाठी पावतीपुस्तक छापून घ्यायला या प्रेसमध्ये आली. मुद्दाम आली की चुकून, ते तिने अजून सांगितलेलं नाही. पावतीवर छापायचं नाव वाचून मी खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "तुम्हीच का आत्या? मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल." तेव्हापासून दर शनिवारी येते, संगणकावर पानं लावते, आणि मशीनची चाकं फिरवताना जीभ दाताखाली धरते, अगदी बापासारखी. माझा चष्मा, माझी खुर्ची आणि शाईच्या डब्याखालचा तो चार घड्यांचा कागद तिला द्यावा. कागद अजून तिथेच आहे.

कलम ९. मी गेल्यावर प्रेस एकच दिवस बंद ठेवावी. माझ्यावर कुणी भाषण करू नये. करायचंच असेल तर बाइंडरने करावं, तो दोन वाक्यांत आटोपतो.

कलम १०. हे कलम मी मोकळं ठेवलं होतं. आज भरत आहे.

वरची नऊ कलमं लिहून झाल्यावर मी कागद भाचीकडे शुद्धलेखन तपासायला दिले. "बाबांना दाखवू नकोस," असं तिला दोनदा बजावलं. तिला मी चांगली ओळखते, म्हणूनच बजावलं.

आज सकाळी दहाच्या सुमारास प्रेसच्या दारात एक मनुष्य उभा राहिला. केस पिकलेले, खांद्याला पिशवी, हातात हेच कागद.

"भागाकार चुकलाय," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "सातनं भागून शेवटी दोन दोन एक येतात. तू दोन एक दोन लिहिलंस."

"आत ये आधी."

"चुकीचा भागाकार लिहून मरणार होतीस?"

"म्हणून तर अजून मेले नाही."

बाइंडर सरसाचं भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. भाची मशीनच्या आड गेली, आणि मोठ्याने हुंदका दिल्यावर आपण लपलोय हे विसरून बाहेर आली. मी खुर्चीवरून उठले.

"मी भागलं नव्हतं रे," मी म्हणाले. "त्या दिवशी खोटं बोलले. तुझं बरोबर होतं."

त्याने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझंच चुकत असेल. सगळेच हसतायत म्हणजे माझंच काहीतरी राहिलं असेल. कुठल्या दुकानात काटा दुरुस्त करायला बसलो की पुठ्ठ्यावर पुन्हा भागाकार करून बघायचो. पंचेचाळीस वर्षं करतोय, ताई. दरवेळी दोनच उरतात."

मी रडले, हे लिहायला मला लाज नाही. तोही रडला. त्याने नाकारलं तर साक्षीदार आहेत.

मग मी त्याला कलम पाच दाखवलं. तो म्हणाला, "वाचलं. मला नको. चौसष्टाव्या वर्षी आता शाईत हात घालू होय? पोरीला दे, तिचा जीव आहे यात. मला साक्षीला घे."

"साक्षीदाराला काही मिळत नाही," मी म्हटलं. "कायदा आहे तसा."

"माहीत आहे. हिने वाचून दाखवलाय सगळा." त्याने पिशवीतून तांबडी पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि पेन मागितलं. "तू कलम चारमध्ये जे लिहिलंस ना, त्याच्याखाली मला सही करायची आहे. तेवढी एक दे."

म्हणून कलम पाच याप्रमाणे बदलते: प्रेस, यंत्रं, खिळे, कागद आणि दहा चाकांचं नंबरिंग मशीन माझ्या भाचीला मिळावं. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि ते त्याच्या मर्जीने आहे. मशीनची चाकं आत्ता त्याने स्वतः फिरवून बघितली. कुठल्या संख्येवर लावून ठेवली आहेत ते वाचलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "रोज?" मी म्हटलं, "रोज."

वरून मधला आणि वहिनी खाली आले आहेत. मधल्याच्या हातात शिडी आहे. कलम एक त्याला कुणी सांगितलं ते मी विचारणार नाही. भाचीने टेबलावरचे खिळे उचलून ते पुसलं आहे आणि ताटं मांडायला घेतली आहेत. धाकटा दाराजवळच्या त्याच शेवटच्या जागेवर जाऊन बसला आहे. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना भूक लागली आहे, म्हणून आवरतं घेते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, समजून घेतला, आणि दोघा साक्षीदारांदेखत त्यावर सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: प्रेसची पुढची खोली, दगडी टेबल.
वार आणि वेळ: सोमवार, दुपारी पावणेबारा, जेवणाआधी.

मृत्युपत्र करणारी: (सही) थोरली बहीण

साक्षीदार पहिला: (सही) बाइंडर. ताई शुद्धीवर आहे. भांड्याला भोक आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. सर्व आकडे पुन्हा तपासले. सातनंही भागून पाहिलं. काही उरत नाही.